पक्ष्यांच्या जाती आणि माणसांची जात

साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील काळ्या मातीच्या शिवारातले गाव. गेल्या हिवाळ्यात धम्मविषयक व्याख्यानाच्या निमित्ताने तेथे जाण्याचा योग आला. सकाळी काही तरुणांसमवेत शिवारात फिरत असता हरभऱ्याच्या रानातून तितरांचा आवाज येत होता, तुरीच्या शेंड्यावर कोतवाल बसला होता आणि पाटाच्या कडेला बगळे स्थिर उभे होते. आम्ही पाहत थांबलो, तेव्हा एका पदवीधर तरुणाने सरळ विचारले, "सर, पक्षी बघणे हा पोट भरलेल्या माणसांचा छंद आहे. आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?"

प्रश्न अप्रस्तुत नव्हता. आधुनिक पक्षिनिरीक्षणाचा आपल्याकडील इतिहास १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपासून सांगितला जातो. डॉ. सलीम अली यांचा भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९४१ साली इंग्रजीत निघाला. दुर्बीण, इंग्रजी ग्रंथ आणि रिकामा वेळ ही तिन्ही साधने ज्याच्यापाशी, तो पक्षिनिरीक्षक, असा समज त्यामुळे रूढ झाला. रानात राबणाऱ्या माणसाला पक्ष्याचा आवाज, घरटे व हंगाम ठाऊक असतो. परंतु त्याच्या ज्ञानाला कोणी शास्त्र म्हणत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यात राहून आदिवासी व रानवासी लोकांकडून पक्ष्यांची नावे व माहिती मिळवली आणि 'पक्षीकोश' सिद्ध केला, तेव्हा या ज्ञानाला मराठीत काही प्रमाणात मान मिळाला.

तथापि पक्षी पाहण्याचा इतिहास १८८३ मध्ये सुरू होत नाही. पाली वाङ्मय उघडले म्हणजे असे दिसून येते की, पक्ष्यांकडे बारकाईने पाहणे हा बौद्ध परंपरेच्या विचारपद्धतीचाच एक भाग होता, आणि त्या पाहण्यातून जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालणारा एक युक्तिवाद जन्मास आला. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

निवाप आणि मृगदाव

राजा बिंबिसाराने संघाला दान दिलेले राजगृहाचे वेळुवन हे संघाने स्वीकारलेले पहिले आराम-स्थान होय. सुत्तांमध्ये त्याचा उल्लेख 'वेळुवन कलंदकनिवाप' असा वारंवार येतो. 'कलंदक' म्हणजे खार आणि 'निवाप' म्हणजे प्राण्यांसाठी टाकलेला चारा किंवा दाणा. अर्थात वेळुवनात खारींना खाऊ घालण्याची जागा होती. राजगृहातच सुमागधा पुष्करिणीच्या काठी 'मोरनिवाप' होता. तेथे मोरांना दाणा टाकला जाई. भगवान बुद्ध तेथे उघड्यावर चंक्रमण करीत, असे दीघ निकायातील उदुंबरिक सीहनाद सुत्तावरून कळते. ज्या ठिकाणी धम्मचक्र प्रवर्तित झाले ते इसिपतनही 'मिगदाय' म्हणजे हरणांचे वन होते. साकेतचे अंजनवन, राजगृहाचे मद्दकुच्छि आणि सुंसुमारगिरीचे भेसकळावन यांनाही मिगदाय हीच संज्ञा आहे. निग्रोधमिग जातकात वाराणसीचा राजा हरणांच्या नायकाचा त्याग पाहून प्रथम हरणांना, मग सर्व चतुष्पादांना, पक्ष्यांना आणि माशांनाही अभय देतो.

या स्थळांना आजच्या अर्थाने अभयारण्य म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मनुष्यवस्तीजवळचे उद्यान, त्यात निर्भयपणे वावरणारे पशुपक्षी आणि त्यांच्या सान्निध्यात चालणारी धम्मचर्चा हे चित्र निःसंशय ऐतिहासिक आहे. आपल्या धम्माची पहिली देशना हरणांच्या वनात झाली, ही गोष्ट आपण दररोज उच्चारतो; तिचा अर्थ मात्र क्वचितच लक्षात घेतो.

भिक्खूंची दृष्टी

वर्षावासाची प्रथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे मूळ सांगताना विनयपिटकातील महावग्गात लोकांची एक तक्रार नोंदली आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, कोवळे गवत तुडवतात, लहान जीव मारले जातात. पक्षीसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून पावसाळ्यात एका जागी राहतात, मग या श्रमणांनाच ते का जमू नये, असे लोक म्हणू लागले. ही तक्रार ग्राह्य मानून तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. म्हणजे आषाढ ते आश्विन या तीन महिन्यांच्या आपल्या सर्वांत पवित्र प्रथेला पक्ष्यांच्या विणीच्या हंगामाचा दाखला जोडलेला आहे.

विनयात दुसराही एक प्रसंग आहे. उदायी हा भिक्खू पूर्वाश्रमीचा धनुर्धर होता आणि त्याला कावळे आवडत नसत. त्याने कावळे मारून त्यांची मुंडकी शूलांवर ओळीने लावली. जाणूनबुजून प्राणिहत्या करणाऱ्या भिक्खूसाठी पाचित्तियाचा जो नियम आहे, तो या निमित्ताने घातला गेला. हा नियम मोर किंवा हंस यांच्यासारख्या सुंदर पक्ष्यावरून आलेला नाही. लोक ज्याला अशुभ समजून हाकलतात त्या कावळ्यावरून आला आहे. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

थेरगाथेतील भिक्खू तर अरण्यात राहणारे डोळस निरीक्षक होते. सप्पक थेर काळ्या ढगाच्या भयाने आसरा शोधीत उडणारी शुभ्र पंखांची बलाका वर्णितात. नदीकाठच्या जांभळी आणि बेडकांचा आवाजही त्यांच्या नोंदीतून सुटत नाही. चितक थेरांना ध्यानात मोरांचा केकारव जाग आणतो. महाकस्सप थेर मोरांच्या आवाजाने घुमणाऱ्या कड्यांवर रमतात. येथे निसर्गाचे आकर्षण आहे, पण आसक्ती नाही. जे आहे ते जसे आहे तसे पाहणे, ही विपस्सनेची वृत्तीच येथे पक्ष्यांकडे वळलेली आहे.

साखऱ्याच्या शिवारात मला विशेष आठवले ते संयुत्त निकायातील सकुणग्घि सुत्त. लावा पक्षी आपले क्षेत्र सोडून भलत्याच ठिकाणी गेला आणि ससाण्याने त्याला पकडले. त्याचे क्षेत्र कोणते? तर नांगरलेल्या रानातली ढेकळे. ससाण्याने घमेंडीने त्याला सोडून दिले, तेव्हा लावा मोठ्या ढेकळावर उभा राहिला आणि ससाणा झेपावताच ढेकळाआड सरकला. ससाण्याची छाती ढेकळावर फुटली. भिक्खूचे स्वतःचे क्षेत्र म्हणजे चार सतिपट्ठाने, असा बोध तथागतांनी त्यातून दिला. नांगरटीनंतर ढेकळांच्या रंगात लपणारा लावा ज्याने आपल्या रानात पाहिला आहे, त्याला हे सुत्त भाष्याशिवाय समजते. लावा, तितर, बगळा, कावळा हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे रोजचे सोबती आहेत, आणि तेच पाली वाङ्मयातही आहेत.

तितर आणि ज्येष्ठता

पक्षी हे केवळ दृष्टान्तापुरते येत नाहीत; सामाजिक निर्णयातही येतात. चुल्लवग्गात तथागत भिक्खूंना विचारतात, उत्तम आसन, उत्तम पाणी व उत्तम भिक्षा यांचा अधिकारी कोण? काहींनी उत्तर दिले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला. काहींनी म्हटले, ब्राह्मण कुळातून आलेला. तेव्हा तथागतांनी तितर, माकड आणि हत्ती यांची कथा सांगितली. एका वडाखाली राहणारे हे तिघे आपल्यात वडील कोण ते ठरवू लागले. हत्ती लहान असताना वड त्याच्या पोटापर्यंत होता. माकड बसल्या जागेवरून त्याचा शेंडा खात असे. तितर म्हणाला, मी दुसऱ्या वडाचे फळ खाऊन येथे विष्ठा टाकली, तिच्यातून हा वड उगवला. म्हणून सर्वांत लहान देहाचा तितर सर्वांत ज्येष्ठ ठरला. पक्ष्याच्या विष्ठेतून वड रुजतो, ही निसर्गातील नोंद या कथेचा आधार आहे, आणि संघात कुळाला मान नाही हा तिचा निष्कर्ष आहे.

वासेट्ठ सुत्ताचा युक्तिवाद

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सुत्तनिपातात आणि मज्झिम निकायातही आलेल्या वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद आहे : मनुष्य जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने? भगवंत उत्तराची सुरुवात धर्मग्रंथांपासून करीत नाहीत, निरीक्षणापासून करतात. गवत व झाडे पाहा, कीटक व मुंग्या पाहा, लहानमोठे चतुष्पाद पाहा, सर्प पाहा, मासे पाहा, पंखांनी विहरणारे पक्षी पाहा. यांच्यात जातीनुसार वेगवेगळी लक्षणे आहेत. मग ते माणसाकडे वळतात. केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, मान, पाठ, छाती असा एकेक अवयव घेऊन ते सांगतात की, माणसांत अशी जातिदर्शक लक्षणे नाहीत. माणसांमधला भेद हा केवळ व्यवहारातील नावाचा आहे : गोपालनावर जगतो तो शेतकरी, शिल्पावर जगतो तो कारागीर.

पक्षिनिरीक्षक नेमके काय करतो? चोचीचा आकार, पंखांवरील पट्टा, पायांचा रंग, आवाज ही लक्षणे पाहून तो पक्ष्याची जात ठरवतो. वासेट्ठ सुत्ताची पद्धत हीच आहे. ती पद्धत माणसाला लावून पाहिली तर जात सापडत नाही. मराठी भाषेने येथे आपली मोठी फसवणूक केली आहे. आंब्याची जात, बगळ्याची जात आणि माणसाची जात यांना आपण एकच शब्द वापरतो आणि तिन्ही गोष्टी सारख्याच नैसर्गिक आहेत असे नकळत मानू लागतो. आज मराठी लेखनात अनेकदा 'प्रजाती' हा शब्द वापरला जातो, त्यामुळे हा गोंधळ काहीसा दूर होतो. जातिभेद हा वंशभेद नसून एकाच वंशाच्या लोकांत पाडलेला सामाजिक भेद आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात दाखवून दिले. वासेट्ठ सुत्त आणि हा निबंध यांच्यात अडीच हजार वर्षांच्या आसपासचे अंतर आहे, पण निष्कर्ष एकाच दिशेचा आहे.

सम्राट अशोकाची यादी

हीच दृष्टी पुढे राज्याच्या आज्ञेत उतरली. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची नामवार यादी दिली आहे. तिचा आरंभच पक्ष्यांनी होतो : पोपट, मैना, अरुण, चक्रवाक, हंस. पुढे पांढरी कबुतरे व गावातली कबुतरेही येतात. जीव असलेला भुसा जाळू नये, विनाकारण किंवा प्राण्यांच्या नाशासाठी वन जाळू नये, अशाही आज्ञा त्यात आहेत.

महाराष्ट्राच्या भूमीवरही या धोरणाचे अवशेष सापडले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजे पूर्वी शिकारीसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र संबोधीला जाऊन धम्मयात्रा सुरू केली, असे सांगणारा हाच तो लेख. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळेवर प्राचीन ब्राह्मी लिपीत एक आज्ञा आहे. तिने प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनी ती अशोकाच्या धम्ममहामात्राची मानली. त्याच शिळेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला.

बाबासाहेबांनी पाचव्या स्तंभलेखाची ही यादी काळजीपूर्वक तपासली होती. १९४८ च्या 'अस्पृश्य' या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ती उद्धृत केली आणि दाखवून दिले की, अशोकाला गायीविषयी विशेष आस्था नव्हती. त्याची आस्था सर्व जीवमात्राविषयी होती. एका पशूला पूज्य ठरवून त्याच्या नावाने माणसांना अस्पृश्य ठरवणारी अहिंसा वेगळी, आणि मैनेपासून कबुतरापर्यंत सर्वांना अभय देणारी करुणा वेगळी. हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

अहिंसेचा भार कोणावर?

येथे एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. तितर व लावे यांची सर्वांत सखोल माहिती ज्या समाजाला आहे, त्या फासेपारध्यांचे काय? १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने ज्या जमातींना गुन्हेगार ठरवले, त्यांत पुढे पारधीही आले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, कलंक मात्र पुसला गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पक्ष्यांसाठी ते आवश्यकच होते. परंतु फासे सोडणाऱ्याला शेत किंवा दुसरे काम द्यावे लागते, हे समाज विसरला. इच्छेने केलेली हत्या आणि गरजेपोटी केलेली हत्या यांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भेद केला आहे. तो लक्षात घेतला तर पारध्याला दंड करून थांबणारी अहिंसा अपुरी ठरते. त्याच्या ज्ञानाला मान आणि त्याच्या मुलांना सम्यक आजीविका मिळाली, तरच ती बौद्ध अहिंसा होय.

विहाराचे अंगण

औरंगाबादेत १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला बाबासाहेबांनी 'नागसेनवन' हे नाव दिले. विद्येच्या जागेला 'वन' म्हणणे ही वेळुवन-जेतवनाचीच परंपरा आहे. ज्या 'मिलिंदपञ्ह' ग्रंथावरून ही नावे आली, त्यात भिक्खूने चक्रवाक, पारवा, घुबड व कोंबडा यांच्याकडून कोणते गुण घ्यावेत याचे विवेचन आहे. शेवाळ-पाणवनस्पतींवर संतुष्ट राहणारा चक्रवाक त्यात येतो. तोच चक्रवाक आजही हिवाळ्यात उत्तरेकडून मराठवाड्याच्या जलाशयांवर उतरतो.

हिंगोली जिल्ह्याला पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्या आहेत. सिद्धेश्वर व इसापूर हे जलाशय आहेत. ५ ते १२ नोव्हेंबर हा चितमपल्ली व सलीम अली यांच्या जयंत्यांना जोडणारा पक्षी सप्ताह शासनाने २०२० साली घोषित केला आहे. गावोगावच्या विहारांनी तो का पाळू नये? खर्च काहीच नाही. अंगणात वड, पिंपळ किंवा उंबर लावावा. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे ठेवावे. वर्षावासात परिसरातील घरट्यांची नोंद मुलांकडून वहीत करून घ्यावी. धुरे जाळण्यापूर्वी गवतात तितराची अंडी आहेत का ते पाहावे. अशोकाच्या स्तंभलेखाचे हे सर्वांत सोपे आचरण होय.

त्या तरुणाला मी शिवारात एवढेच उत्तर दिले : समोरचे दोन बगळे नीट पाहा. एकाची चोच पिवळी, पाय काळे. दुसऱ्याची चोच काळी, पाय काळे, बोटे पिवळी. या दोन जाती वेगळ्या, कारण लक्षणे वेगळी. आता आपल्या सोबतच्या माणसांकडे पाहा आणि त्यांची जात लक्षणांवरून सांगा. तो हसला आणि पुन्हा बगळ्यांकडे पाहू लागला. ज्या मुलाने पक्ष्यांच्या जाती डोळ्यांनी ओळखण्याची सवय लावून घेतली, त्याला माणसाची जात हे एक असत्य नाव आहे, हे कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.