दोन शेवट आणि एक लपवलेला जन्म

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच ‘ऑल द इयर राऊंड’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. शेवट छापण्यापूर्वी मुद्रिते वाचून कादंबरीकार मित्र बुलवर-लिटन याने तो बदलण्याचा आग्रह धरला. डिकन्सने तो मानला.

मूळ शेवटात लोहाराच्या घरी वाढलेला पिप लंडनमध्ये पिकॅडिलीतून चालला आहे. सोबत जो गार्जरी या लोहाराचा लहान मुलगा आहे. वाटेत गाडीतून जाणारी एस्टेला भेटते. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने एका डॉक्टराशी लग्न केले आहे. मूल पिपचेच समजून ती त्याचा पापा घेते. पिप खुलासा करीत नाही. भेट तेथेच संपते. बदललेल्या शेवटात सॅटिस हाऊसच्या उजाड जागेत पिप एस्टेलाचा हात हाती घेतो. आता ताटातूट नाही, असे त्याला वाटते.

१९३७ साली बर्नार्ड शॉच्या प्रस्तावनेसह निघालेल्या आवृत्तीत मूळ शेवट छापला गेला. समीक्षकांचा वाद मात्र मीलन की विरह, एवढ्यावरच घुटमळत राहिला. आमच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. मूळ शेवटात निदान लोहाराचे पोर अखेरच्या पानावर होते. बदललेल्या शेवटच्या दृश्यातून तेही गेले.

त्याहून मोठी गोष्ट दोन्ही शेवटांत दडलेली राहते. पिपच्या राठ हातांना हसणारी एस्टेला ही मॅग्विच या हद्दपार कैद्याची आणि खुनाच्या आरोपातून सुटलेल्या मोलकरणीची मुलगी आहे. पिपला हे ठाऊक आहे. पण तो तिला एकाही शेवटात सांगत नाही. जन्मावर उभ्या असलेल्या प्रतिष्ठेचा पायाच ज्या एका वाक्याने उखडला असता, ते वाक्य डिकन्सने लिहिले नाही.

का लिहिले नाही? १८२४ साली बाप कर्जापायी तुरुंगात असताना बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात राबत होता. ही गोष्ट त्याने आयुष्यभर वाचकांपासून लपवली. १८७० साली तो वारल्यावर जॉन फॉर्स्टरच्या तीन खंडांच्या चरित्रातून ती उघड झाली. त्याच चरित्राच्या तिसऱ्या खंडात, १८७४ साली, हा मूळ शेवटही बाहेर आला. एकाच ग्रंथातून दोन लपवालपव्या उघड व्हाव्यात, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

मी वसतिगृहात असताना बाप भाकरीचे गाठोडे घेऊन आला होता. ‘गावाकडचे ओळखीचे आहेत,’ असे मी मित्रांना सांगितले. बापाने ते ऐकले आणि गाठोडे ठेवून तो निघून गेला. जो गार्जरी लंडनला आला तेव्हा पिपला वाटलेली लाज मला टीपा वाचून समजून घ्यावी लागत नाही.

बाप आता नाही. त्या दिवशी दिलेली खोटी ओळख येथे दुरुस्त करतो. भाकरी घेऊन आलेला तो माणूस माझा बाप होता.