पिनबॉलचे दोन हात

जुना पिनबॉल म्हणजे निव्वळ नशीब. गोळी सोडायची आणि ती घरंगळताना बघत राहायचे. पण खेळणारे गप्प बसेनात, टेबलालाच धक्के देत. ते रोखायला हॅरी विल्यम्सने ‘टिल्ट’ बसवला. मला मात्र त्या धक्क्यांत लबाडीपेक्षा मागणी दिसते: खेळ आमच्या हातात द्या. १९४२ मध्ये न्यूयॉर्कने तर जुगार म्हणून ही यंत्रे बंदच केली.

१९४७ मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त हॅरी मॅब्सने सहा फ्लिपर दिले, म्हणजे बटण दाबताच गोळी उडवणारी पाती. ती होती कडेला, जोरही कमीच. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’मध्ये दोनच बसवली, पण जोरदार आणि अगदी तळाशी, गोळी हातची जाते तिथे.

१९७६ मध्ये रॉजर शार्पने न्यूयॉर्कच्या नगरसेवकांपुढे गोळीची वाट आधी सांगितली आणि तशीच सोडली. बंदी उठली. त्यात नशीबही होते, हे पुढे त्यानेच सांगितले.