रावणप्रभू
मल्याळम मारधाडपट (२००१). लेखन व दिग्दर्शन रंजित. निर्माते आन्टनी पेरुंबावूर. प्रमुख भूमिका : मोहनलाल (दुहेरी), नेपोलियन, वसुंधरा दास, रेवती, इनोसन्ट. संगीत सुरेश पीटर्स, गीते गिरीश पुत्तेनचेरी. आय. व्ही. शशी दिग्दर्शित ‘देवासुरम’चा (१९९३) हा पुढचा भाग. त्याची पटकथाही रंजित यांचीच होती. दिग्दर्शक म्हणून मात्र त्यांचा हा पहिलाच चित्रपट.

वैराचे मूळ ‘देवासुरम’मध्ये आहे. मंगलश्शेरी घराण्याचा नीलकंठन हा बापजाद्यांची इस्टेट दोस्तांवर उधळणारा, मग्रूर पण गाण्याचा षोकीन जमीनदार. मुंडक्कल घराण्याच्या शेखरनशी त्याचा उभा दावा. भानुमती या नर्तकीला तो बळजबरीने नाचायला लावतो आणि ती पायातले चाळ काढून ठेवते. त्याच्या गर्वाला पहिला तडा तिथे जातो. आपण ज्यांना वडील मानले त्यांचे आपण पुत्रच नाही, हे आईच्या तोंडून कळते तेव्हा खानदानाचा टेंभाही विझतो. अखेर देवळाच्या उत्सवात तो शेखरनचा हात छाटतो. कोझिकोडचे संगीतप्रेमी मुल्लश्शेरी राजगोपालन यांच्यावरून नीलकंठन सुचला, हे सर्वश्रुत आहे.

‘रावणप्रभू’त नीलकंठन म्हातारा झाला आहे. पैशाची सूत्रे मुलाच्या, कार्तिकेयनच्या हाती आहेत, आणि हा पैसा शेतीचा नाही, दारूच्या धंद्यातला आहे. शेखरनची खुन्नस तसूभरही कमी झालेली नाही. त्याला नमवण्यासाठी कार्तिकेयन त्याच्या डॉक्टर मुलीला पळवून आणतो. तिचे नाव जानकी. शीर्षकातला रावण कोण, हे वेगळे सांगायला नको. पुढे दोघांचे प्रेम जमते. हे प्रेमप्रकरण मात्र उरकल्यासारखे वाटते: पळवून आणलेली मुलगी इतक्या लवकर का विरघळते, याचे उत्तर पटकथेकडे नाही. चित्रपटाचा कस म्हाताऱ्या नीलकंठनच्या प्रसंगांत दिसतो. आता पत्नी असलेली भानुमती आणि जुना कारभारी वारियर यांच्या सोबतीतला थकलेला, तरी पीळ न गेलेला हा माणूस मोहनलाल यांनी आवाज खाली आणून उभा केला आहे. मुलाच्या वाट्याला टाळ्यांची वाक्ये, मिशीला पीळ आणि हाणामाऱ्या आल्या आहेत.

‘आराम तंपुरान’ (१९९७) आणि ‘नरसिंहम’ (२०००) हे शाजी कैलास यांचे चित्रपटही रंजित यांच्याच लेखणीतले. चौसोपी वाडा, देऊळ, उत्सव आणि मुंडू (लुंगी) दुमडून भांडायला उतरणारा वरच्या जातीचा नायक हा त्यांचा ठरलेला मसाला. या पुरुषी, सरंजामी तोऱ्यावर पुढे केरळात बरीच टीका झाली आणि ती रास्तच आहे. ‘देवासुरम’मध्ये निदान तो तोरा उतरवला जातो, ‘रावणप्रभू’त त्याची आरती ओवाळली जाते. प्रेक्षकांनी तरीही चित्रपट डोक्यावर घेतला. नव्या प्रेक्षकाने ‘देवासुरम’ आधी पाहावा. त्याशिवाय शेखरनचा राग कळत नाही.