परक्याचें रक्त



शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोगी बेशुद्ध पडला आहे, त्याचें रक्त एकसारखें वाहत आहे, आणि दुसऱ्या कोणाचें तरी रक्त त्याच्या शिरेंत सोडलें जात आहे, हें दृश्य आज मोठ्या रुग्णालयांत नवलाचें राहिलेलें नाहीं. मी वैद्य नव्हे; इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक शाळामास्तर आहें. परंतु या उपायाचा इतिहास वाचतांना एक गोष्ट मनांत ठसते. परक्याचें रक्त देण्याचें जें शास्त्र आज झालें आहे, तें मुख्यतः त्यापासून झालेल्या अपायांचा शोध घेतल्यामुळें झालें आहे.

रक्त शरीरांत फिरत असतें, हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आंतच इंग्लंडांत रिचर्ड लोअर यानें एका कुत्र्याचें रक्त दुसऱ्यास दिलें, आणि जून १६६७ मध्यें फ्रान्समध्यें झां डेनी या वैद्यानें एका पंधरा वर्षांच्या मुलाला कोंकराचें रक्त दिलें. तो मुलगा बचावला. पुढें डिसेंबरांत मोरुआ नांवाच्या वेडसर गृहस्थाला वासराचें रक्त देण्यांत आलें. दुसऱ्या खेपेस त्याला दरदरून घाम सुटला, कंबर दुखूं लागली आणि लघवी काजळीसारखी काळी झाली. रोगी शांत झाला म्हणून उपाय लागू पडला असें मानलें गेलें! पुढें तो मरण पावला आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. बायकोनें विष घातल्याचा संशय येऊन डेनी निर्दोष सुटला; तरी थोड्याच वर्षांत या उपायावर बंदी आली. ती काळी लघवी म्हणजे परकें रक्त शरीरांत फुटून गेल्याची खूण होती, हें समजावयास दोन शतकें जावीं लागलीं.

लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतिवैद्यानें १८१८ सालापासून हा विषय पुन्हां हातीं घेतला. बाळंतपणांत रक्तस्राव होऊन स्त्रिया डोळ्यांदेखत दगावत. त्या पाहून माणसाला माणसाचेंच रक्त द्यावयाचें, असा त्यानें आग्रह धरला. कांहीं बायका वांचल्या, कांहीं गेल्या; परंतु एकीला जें रक्त जीवन देतें तें दुसरीला कां मारतें, याचा उलगडा त्याला झाला नाहीं.

तो उलगडा व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यानें केला. आपल्या प्रयोगशाळेंतील मंडळींचेंच रक्त घेऊन एकाच्या पेशी व दुसऱ्याचा रक्तद्रव यांचें मिश्रण त्यानें पाहिलें. कांहीं मिश्रणांत पेशींचे पुंजके होत, कांहींत होत नसत. यावरून १९०१ सालीं त्यानें रक्ताचे तीन गट सांगितले. चवथा पुढील वर्षीं त्याच्या सहकाऱ्यांना सांपडला. १९०७ सालीं न्यूयॉर्क येथें रूबेन ऑटनबर्ग यानें रक्त देण्यापूर्वीं दोहोंचा मेळ पाहण्याची पद्धत वापरली. १९४० सालीं ऱ्हीसस गटाचाहि शोध लागला.

दुसरी अडचण रक्त गोठण्याची. सोडियम सायट्रेट घातल्यानें रक्त पातळ राहतें, हें १९१४ सालीं ब्रुसेल्स व ब्वेनोस आयरीस येथें सिद्ध झालें. त्याचें निर्धोक प्रमाण न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुइसॉन यानें १९१५ सालीं ठरविलें. तरी पुष्कळ रोग्यांना हुडहुडी भरून ताप येई, आणि दोष सायट्रेटवर घातला जाई. नळ्यांची व पाण्याची अस्वच्छता हेंच खरें कारण आहे, हें त्याच लुइसॉननें सहकाऱ्यासह १९३३ सालीं दाखवून दिलें.

आतां शस्त्रक्रियेच्या खोलींत येऊं. जागा रोगी चुकीचें रक्त जाऊं लागतांच कंबर दुखते, छाती दाटते, थंडी वाजते असें सांगूं शकतो. भुलीखालीं असलेल्याची ती वाचा बंद असते. रक्तदाब अकारण उतरणें, जखमेच्या कडांतून रक्त झिरपत राहणें, लघवी लाल होणें, एवढ्याच खुणा उरतात. आणि रक्तस्रावाच्या गडबडींत त्याहि झांकल्या जातात. संशय येतांच रक्त तत्काळ बंद करावयाचें, शीर मिठाच्या द्रवानें चालू ठेवावयाची, रोग्याचें नांव व पिशवीवरील चिठ्ठी पुन्हां ताडून पाहावयाची, नमुने रक्तपेढीकडे धाडावयाचे आणि मूत्रपिंडें बंद पडूं नयेत म्हणून रक्तदाब व लघवी राखावयाची, असा शिरस्ता आहे.

रक्त योग्य असूनहि तें भराभर व पुष्कळ द्यावें लागलें तर संकटें येतात. सायट्रेट शरीरांतील कॅल्शियम बांधून ठेवतें, म्हणून कॅल्शियम द्यावें लागतें. शीतपेटींतील थंडगार रक्तानें हृदय बंद पडूं शकतें. रक्त कोमट करून दिल्यास तो धोका पुष्कळ कमी होतो, हें १९६३ सालीं बोयान व हाऊलंड यांनीं दाखविलें. गोठण्याचीं द्रव्यें विरळ होतात, तींहि भरून काढावीं लागतात.

या इतिहासांत आपल्या मुंबईचेंहि एक पान आहे. गट पाहण्यास अवधि नसला तर 'ओ' गटाचें रक्त द्यावें, असा नियम आहे. परंतु १९५२ सालीं डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत अशीं माणसें शोधून काढलीं, कीं ज्यांना 'ओ' रक्तहि चालत नाहीं. 'ओ' पेशींवर असणारें 'एच' नांवाचें द्रव्य त्यांच्या पेशींवर नसतें, व त्यांच्या रक्तद्रवांत त्याच्याविरुद्ध काम करणारें द्रव्य असतें. मुंबईकडे सुमारें १०,००० माणसांत असा एक आढळतो. नुसत्या पेशी तपासल्या तर तो 'ओ' गटाचाच वाटतो! जगांत या गटाला 'बाँबे' गट म्हणतात. आणि त्याला जगविणारें रक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसापाशीं असतें.

चुकीच्या गटाचें रक्त जाण्याचें मोठें कारण आजहि शास्त्राचें अज्ञान नसून नांवाची वा चिठ्ठीची गफलत हेंच असतें. म्हणून आप्तासाठीं धांवपळ चालू असतां परिचारिकेनें नांव दोनदां विचारलें, किंवा रक्तपेढीनें मेळ पाहण्यास थोडा वेळ मागितला, तर रागावूं नका. त्या विचारण्यामागें पुष्कळांच्या प्राणांची किंमत मोजलेली आहे. आणि प्रकृति धडधाकट असेल तर आपला गट माहीत करून घेऊन, कोणाची हांक येण्यापूर्वींच रक्तपेढीची पायरी चढा.