चौदा आणे आणि दोन रुपये
मुंबई इलाख्यातील उच्च शिक्षणाच्या जमाखर्चाची हकीकत

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींची नामावली छापण्याचा प्रघात फार जुना आहे. पूर्वी ती जेमतेम अर्ध्या पानात मावत असे. आता पदवीधर, डॉक्टर, इंजिनिअर व हिशेबतपासनीस यांची नावे देता देता संपादकांस पाने अपुरी पडतात. ही गोष्ट अभिमानाची खरीच. तथापि या नामावलीच्या पाठीमागे एक जमाखर्चाची वही आहे व ती कोणी फारशी उघडून पाहत नाही. विश्वविद्यालये व कॉलेजे चालविण्यास पैसा कोणी दिला, त्या पैशाने कोणाची मुले शिकली आणि या दोहोंचा जाब सरकारास कोणी व केव्हा विचारला, हे तीन प्रश्न त्या वहीतले होत. त्यांतील तिसऱ्या प्रश्नाशी आपल्या भंडारी ज्ञातीचा संबंध वाटतो त्याहून अधिक निकटचा आहे, म्हणून ही हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

आरंभ पत्रव्यवहारापासूनच केला पाहिजे, कारण या देशातील सरकारी शिक्षणाचा पायाच एका पत्राने घातला गेला. १९ जुलै १८५४ चा सर चार्ल्स वुड यांचा खलिता तो हाच. खाजगी शाळांस सरकारी मदत द्यावी, प्रत्येक इलाख्यात शिक्षणखाते असावे आणि कलकत्ता, मुंबई, मद्रास येथे विश्वविद्यालये स्थापावीत, असे त्यात ठरले. परंतु कागदावरील धोरण आणि शाळेच्या दारातील व्यवहार यांत किती अंतर असते, हे दोनच वर्षांत दिसून आले. जून १८५६ मध्ये त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ रोजी त्यावर ठराव केला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हे सरकारने त्या ठरावात स्वतःच कबूल केले. परंतु एका मुलासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर ती निरुपयोगी होईल, असे कारण देऊन हस्तक्षेप करण्याचे नाकारले. हिंदुस्थान सरकारने २३ जानेवारी १८५७ च्या पत्रात मुंबईकरांस कळविले की, बंगाल इलाख्यात अशा मुलास सरकारी शाळेतून परत पाठविले नसते. पुढे २८ एप्रिल १८५८ रोजी लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनेही सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्या पाहिजेत, असे स्पष्टपणे लिहिले. दोन वर्षे कागद समुद्रापलीकडे जाऊन आले, पण त्या कागदांनी शाळांची दारे उघडली नाहीत. हा पत्रव्यवहार सत्तर वर्षांनंतर पुन्हा बाहेर काढला गेला, तो १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवण्यासाठी. आणि तो बाहेर काढणारे गृहस्थ होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

दरम्यान १८ जुलै १८५७ च्या कायद्याने मुंबईचे विश्वविद्यालय निघाले. प्रारंभी ते शिकवीत नसे, केवळ परीक्षा घेत असे. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ विद्यार्थी बसले व २२ उत्तीर्ण झाले. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले, महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. इमारतीसाठी देणग्या कोठून आल्या ते राजाबाई मनोऱ्याकडे पाहिल्यास कळते. तो व त्याखालील ग्रंथालय शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या पैशावर उभे आहे. दाते शहराचे, विद्यार्थी बहुतांशी वरच्या वर्गाचे आणि सरकारी खजिन्यातून कॉलेजांवर होणारा खर्च मात्र सर्व रयतेचा, अशी ती व्यवस्था होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि त्याच्या मुलास प्राथमिक शाळाही नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्या काळी तो कोणास फारसा रुचला नाही.

१९२१ पासून माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी चित्र पालटले. शिक्षणखाते सोपीव खात्यांत आले व त्यावर कायदेकौन्सिलास जबाबदार असा हिंदी मंत्री बसला. मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे होते, हे पुष्कळांस स्मरत असेल. तोपर्यंत जाब विचारावयाचा तर तो गोऱ्या अधिकाऱ्यास, आणि तोही अर्जाच्या भाषेत. आता समोर उत्तर देणारा माणूस होता. मात्र या व्यवस्थेत एक मोठी गोम होती. शिक्षण मंत्र्याकडे, पण तिजोरीची किल्ली राखीव बाजूच्या अर्थसभासदाकडे. खर्च वाढवा म्हटले की मंत्री हात पसरून दाखवीत. त्यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, सोपीव खात्यांतच आबकारी खातेही होते आणि जमीनमहसुलाखालोखाल इलाख्याचे मोठे उत्पन्न दारूताडीवरच्या कराचे होते.

येथे आपल्या वाडवडिलांचा संबंध येतो. मुंबई व साष्टीच्या किनाऱ्यावर माहीम, वर्सोवा, मालाड, बोरिवली, गोराई या भागांत माडाताडांवर चढून ताडी उतरविणे हा आपल्या अनेक घराण्यांचा पिढीजाद धंदा होता. १८७८ च्या आबकारी कायद्याने तो परवान्याच्या व झाडावरील कराच्या बंधनात आला. झाडावर चढणारा आपला, कर भरणारा आपला आणि पिणारा बहुधा गिरणीतील वा शेतातील कष्टकरी. या दोघांच्या खिशांतून आलेला पैसा सरकारात जमा होई. त्यातून परत काय येई, हे कोणी मोजून सांगितले नव्हते.

ते मोजून सांगितले गेले १२ मार्च १९२७ रोजी. डॉ. आंबेडकर त्याच वर्षाच्या आरंभी सरकारनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदेकौन्सिलात आले होते. अंदाजपत्रकातील शिक्षणाच्या मागणीवर ते बोलावयास उभे राहिले आणि त्यांनी सरकारी अहवालांतलेच आकडे सरकारापुढे मांडले. इलाख्यात शिक्षणावर दर माणशी खर्च होतो चौदा आणे. आबकारीतून दर माणशी वसूल होतात दोन रुपये दोन आणे नऊ पै. म्हणजे जवळजवळ अडीच पट. लोकांकडून दारूच्या रूपाने जितके घेता तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. अर्थशास्त्राच्या एका पंडिताने केलेली ही मागणी किती साधी, आणि म्हणूनच उत्तर देण्यास किती अवघड होती, हे पाहण्यासारखे आहे.

त्याच भाषणातील दुसरे आकडे विद्यार्थ्यांच्या पटासंबंधीचे आहेत. प्राथमिक शाळांत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मराठे व तत्सम ब्राह्मणेतर अशा मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासलेल्यांचे १८. दुय्यम शाळांत दर लाखामागे अनुक्रमे ३,०००, ५००, १४० व १४. कॉलेजांत दर दोन लाखांमागे पुढारलेले १,०००, मुसलमान ५२, मधले १४. आणि मागासलेल्यांच्या रकान्यात शून्य, किंवा शून्यासारखेच काही.

वाचकांनी या आकड्यांशी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. आपल्यासारख्या ज्ञाती त्या मधल्या वर्गातल्या. पुढारलेला वर्ग आणि आपण यांतील अंतर प्राथमिक शाळेत सुमारे तिप्पट होते, दुय्यम शाळेत ते एकवीस पट झाले आणि कॉलेजच्या दारात एकाहत्तर पट. जिन्याची प्रत्येक पायरी चढताना मागे राहणाऱ्यांची गर्दी वाढत जाते, ती अशी. चौदा हजारांत एक मुलगा कॉलेजात! बोरिवलीपासून माहीमपर्यंतच्या आपल्या सर्व वाड्या एकत्र केल्या असत्या तरी त्या हिशेबाने किती पदवीधर निघाले असते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभरांतील केवळ १८ मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात व उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात, हेही डॉक्टरांनी दाखविले. याच गतीने गेल्यास सर्व मुलगे शाळेत येण्यास चाळीस वर्षे आणि मुली येण्यास तीनशे वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

फीसंबंधी त्यांनी जे सांगितले ते आजच्या पालकांसही परके वाटणार नाही. कॉलेजांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या ३१ टक्के व मिडल स्कुलांच्या २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून येत होती. याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटले. जे वर्ग आता कोठे उंबरठ्याशी आले आहेत, त्यांना शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके करावे, हा त्यांचा आग्रह होता. शिष्यवृत्तीची रोख रक्कम गरीब घरात संसाराच्या खर्चात जिरून जाते, त्यापेक्षा वसतिगृहे काढावीत, असेही ते म्हणाले. घरातल्या अडचणी जाणणाराच असे बोलू शकतो.

या भाषणास आठवडा लोटतो न लोटतो तोच, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग घडला. त्या तळ्याच्या कथेत आपल्या ज्ञातीचे एक नाव ठळकपणे येते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेकौन्सिलात ठराव मांडून तो मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा तो ठराव. महाडच्या म्युनिसिपालिटीने तळे खुले केले ते याच ठरावास अनुसरून. परंतु बोले एवढ्यावर थांबले नाहीत. ठराव कागदावरच राहिल्याचे पाहून त्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये पुन्हा सूचना आणली की, ज्या स्थानिक संस्था हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांची सरकारी मदत बंद करावी. माझ्या मते रावबहादुरांचे खरे चातुर्य या दुसऱ्या ठरावात आहे. धारवाडच्या वेळी तीन सरकारे आपापसांत सुंदर पत्रे लिहीत बसली, कारण पत्राच्या मागे पैशाची दोरी नव्हती. बोल्यांनी ती दोरी शोधून काढली. आपल्या ज्ञातीच्या सभांतून त्यांच्या १९२३ च्या ठरावाचा उल्लेख होतो, १९२६ चा मात्र क्वचितच होतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये विश्वविद्यालयाच्या सुधारणेचे बिल कौन्सिलापुढे आले. गरजू व गरीब यांच्या दारापर्यंत उच्चतम शिक्षण नेऊन पोचविणे हे विश्वविद्यालयाचे मूलभूत काम आहे, असे डॉ. आंबेडकरांनी तेथे प्रतिपादिले आणि सेनेटवर मागासलेल्या वर्गांस जागा मागितल्या. ऐहिक लाभ एक वेळ सोडून देऊ, पण उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. १९२८ साली नवा विश्वविद्यालय कायदा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने स्टार्ट कमिटी नेमली व तिच्यावर डॉ. आंबेडकरांस घेतले, १९३० च्या तिच्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे यांच्या शिफारशी आल्या. प्रश्न विचारून तीन वर्षांनी शिफारस मिळाली, आणि शिफारशीनंतर पैसा मिळविण्यास आणखी किती वर्षे गेली ते निराळेच.

आपल्या उपनगरांची स्थिती त्या सुमारास काय होती? जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली, म्हणून तेथील मुलास एल्फिन्स्टन वा विल्सन कॉलेजात रोज जाणेयेणे शक्य तरी झाले. उपनगरांतील पहिले सरकारी कॉलेज जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ यांच्या नावे १९३० साली निघाले. त्यासाठी सर महंमद युसुफ यांनी आठ लाखांची देणगी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच सरकारच्या स्वाधीन केली होती! देणगी हाती असूनही सरकारी कॉलेज उभे राहण्यास इतका काळ लागतो, तर नुसती मागणी करणाऱ्यांनी किती थांबावे? त्यानंतर अंधेरीस भवन्स कॉलेज १९४६ साली आले. पार्ले, विद्याविहार, घाटकोपर येथील कॉलेजे १९५९ पासूनच्या चारपाच वर्षांतली. ही बहुतेक विश्वस्त संस्थांनी व देणगीदारांनी उभी केली, हेही नमूद केले पाहिजे.

आणि त्या दोन रुपये दोन आणे नऊ पैचे काय झाले? १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी पुकारली व १९४९ च्या कायद्याने ती साऱ्या प्रांतभर झाली. ज्या उत्पन्नाच्या बरोबरीने शिक्षणावर खर्च मागितला होता ते उत्पन्नच आटले, आणि त्याबरोबर आपल्या शेकडो कुटुंबांचा धंदाही गेला. धंदा गेलेल्या घरांतील मुले शाळेकडे वळली, हे खरे. पण शाळेची फी भरावयाची कशातून, हा प्रश्न त्याच घरांत उभा राहिला. त्याचे पहिले मोठे उत्तर १९५९ साली आले. वार्षिक उत्पन्न ९०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांस, जात न पाहता, फीमाफी देण्यात आली व पुढे महाराष्ट्र राज्यात ती मर्यादा १,२०० रुपयांवर नेली गेली. ईबीसी या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी ती सवलत घेऊन कॉलेजची पायरी चढलेले किती तरी गृहस्थ व भगिनी आज आपल्या ज्ञातीत आजोबा-आजी म्हणून वावरत आहेत. त्यांच्या उत्पन्नाचे दाखले, फीमाफीचे अर्ज व मंजुरीची पत्रे अद्याप कोणाच्या ट्रंकेत असतील तर ती रद्दीत न घालता ज्ञातीच्या कार्यालयात आणून द्यावीत. धारवाडचा पत्रव्यवहार सत्तर वर्षांनी उपयोगी पडला तो कोणी तरी जपून ठेवला होता म्हणूनच.