पंचवीस सायकलची वीज

ऑन्टारिओत हौशी कामासाठी जुना लेथ स्वस्तात मिळाला, तर आधी मोटरवरची पट्टी वाचावी. तिच्यावर '२५ सायकल' दिसलं, तर घोळ आहे!

नायगाऱ्याचं अमेरिकन बाजूचं केंद्र १८९५ साली २५ हर्ट्झवर सुरू झालं, ऑन्टारिओनेही तेच उचललं. १९०६ मध्ये अॅडम बेक यांच्या पुढाकाराने सरकारी हायड्रो कमिशन आलं. धोरण असं की नफा नको, पडेल त्या भावात वीज. १९१० साली बर्लिन गावात (आताचं किचनर) त्या विजेवर दिवे लागले. वीज स्वस्त झाली खरी, पण बाकी उत्तर अमेरिका हळूहळू ६० वर गेली आणि हे २५ वर अडकले. दिवे लुकलुकायचे, आणि साधी इंडक्शन मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर जायची नाही (६० वर ३६०० पर्यंत जाते). शेवटी १९४९ ते १९५९ या काळात हायड्रोने घरोघरी फ्रिज, वॉशिंग मशीनच्या मोटरी बदलत दक्षिण ऑन्टारिओ ६० वर आणला. दहा वर्षं!

त्यातून सुटलेली मोटर आज ६० वर लावली, तर पळू पाहते २.४ पट, पण जोर पार जातो. तीन फेजची असेल आणि व्होल्टेज जुळत असेल, तर छोट्या इन्व्हर्टर ड्राइव्हवर २५ हर्ट्झ घरीच करता येतात. सिंगल फेजची असेल, तर सरळ दुसरी मोटर बसवावी, तेच स्वस्त पडतं.