स्वर वेगळा, ताकद वेगळी

मणक्याच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. आता बास गिटार सुटणार या धास्तीने दोन रात्री झोप नाही. अहो, गिटारचं ओझं काहीच नाही, जड असतो तो अँप!

लिओ फेंडरचा प्रिसिजन बास आला 1951 मध्ये. ड्रम्सपुढे तो ऐकू यावा म्हणून अँप वाढतच गेले. 1969 च्या अँपेग एसव्हीटीची ताकद 300 वॅट, आणि उचलायला दोन माणसं! त्याच वर्षी कॅलिफोर्नियात, ग्रेटफुल डेड या बँडच्या गोतावळ्यात अलेंबिक कंपनी सुरू झाली. तिच्या एफ-2बी प्रीअँपमध्ये फेंडरच्या धाटणीचं टोन सर्किट आणि ट्यूब होत्या, पॉवर अँप मात्र नव्हता. स्वर इथे घडवा, ताकद दुसरीकडून घ्या. रुंदी 19 इंच, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रॅकचंच माप.

मीही ट्यूबचाच रॅक प्रीअँप निवडला. ट्रान्झिस्टरचा स्वस्त पडला असता, पण कानाला जुना गोलसर आवाज हवा होता. ताकदीचं काय, ती कार्यक्रमाच्या हॉलमध्ये मिळतेच.

जुना अँप विकताना डोळे भरून आले. पण स्वर तर काखेत होता ना...

असो.